उपसा म्हणजे सफाई नव्हे

या आठवड्यात हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं लिहिणार होतो, ते पुढच्या वेळी. आज पाण्याचं लिहितो, कारण येत्या ग्रामसभेत आमच्या गावाला एका कागदावर सही करायची आहे आणि असा कागद उद्या तुमच्याही गावात येऊ शकतो.

विषय थोडक्यात असा. एमआयडीसीच्या उताराला आमच्या काही विहिरी आहेत. त्यांच्या पाण्याला वास येतो, आणि तपासणीत सॉल्व्हंट निघालं. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. बैठकीत त्यांनी प्रस्ताव मांडला: दोन बोअर मारू, दोन वर्षं पाणी उपसू, हवेच्या टॉवरमधून आणि कोळशातून काढून साफ करू, सलग दोन नमुने मर्यादेत आले की पंप बंद. मग ग्रामपंचायतीने ‘तक्रार राहिलेली नाही’ असं लिहून द्यायचं. तोवर टँकर चालू.

गावातले निम्मे लोक म्हणतात, घ्या उरकून. एक जण तर म्हणाला, विहिरीत उंदीर मेला तर आपण काय करतो? उपसतोच ना? नवीन पाणी येतं, संपला विषय.

उंदराला ते लागू आहे, सॉल्व्हंटला नाही. हा फरक नीट समजून न घेता जो सही करेल तो आपल्या नातवाची विहीर लिहून देतोय, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हे काय द्रव्य आहे ते बघू. लोखंडी पार्टवरचं तेल-ग्रीस काढायला वर्कशॉपमध्ये वापरतात ते ट्रायक्लोरो, म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन. औषध कारखान्यांत वापरतात ते एमडीसी, क्लोरोफॉर्म. आपली पोरं या कंपन्यांत कामाला आहेत, त्यांना ही नावं पाठ आहेत. ही सगळी पाण्यापेक्षा जड. एक लिटर ट्रायक्लोरो भरतं १ किलो ४६० ग्रॅम. डिझेल सांडलं तर पाण्यावर तरंगतं, तवंग दिसतो, माणूस सावध होतो. टोल्युईनसुद्धा तरंगतं. पण ट्रायक्लोरो जमिनीत मुरलं की पाण्याच्या पातळीवर थांबत नाही. पाण्यातून खाली जातं, फटीफटीतून उतरतं आणि जिथं वाट बंद होईल तिथं साचून बसतं. वरून काही दिसत नाही.

पाण्यात ते फार थोडं विरघळतं, लिटरला साधारण एक ग्रॅमच्या वर. ऐकायला बरं वाटतं. पण पिण्याच्या पाण्यात अमेरिकेची मर्यादा आहे लिटरला ५ मायक्रोग्रॅम. म्हणजे जेवढं विरघळू शकतं ते मर्यादेच्या दोन लाख पटीहून जास्त. आता हिशोब करा. सांडलेलं एक लिटर ट्रायक्लोरो पाण्यात पसरलं तर २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेतं. आपलं तीस बाय तीसचं शेततळं धरा, साधारण २० लाख लिटरचं. जवळजवळ दीडशे शेततळी झाली, एका लिटरमध्ये. एका पिंपात असतात दोनशे लिटर. आणि हे काय किरकोळ द्रव्य नाही. ट्रायक्लोरोइथिलीनमुळे माणसाला कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने पक्क्या यादीत टाकलेलं आहे.

आता उपशाचं गणित. फटीच्या तळाशी साचलेलं सॉल्व्हंट आहे. त्याच्यावरून पाणी वाहतं, जाता जाता थोडं विरघळवून नेतं. तुम्ही वरचं पाणी कितीही उपसा, खालचा साठा तसाच. तो हळूहळू विरघळत राहतो, वर्षानुवर्षं. शिवाय साठ्याजवळ जे पाणी वर्षानुवर्षं उभं असतं ते आजूबाजूच्या मातीत, कुजलेल्या खडकात शिरतं. आपल्याकडे दोन पाषाणांच्या थरांमध्ये तांबडा चिकण पट्टा लागतो, बोअर मारताना लाल पाणी येतं तो. अशा पट्ट्यात सॉल्व्हंट मुरलं की ते निघता निघत नाही. मातीच्या माठात एकदा रॉकेल ठेवून बघा. मग तो माठ दहा वेळा धुवा. अकराव्या वेळी भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी प्या.

हाच खेळ त्या ‘सलग दोन नमुन्यां’त आहे. पंप जोरात चालू असताना बाजूचं स्वच्छ पाणी ओढलं जातं, घाण पातळ होते, नमुना मर्यादेत येतो. पंप बंद करा. सहा महिने, वर्षभर थांबा. मातीतलं आणि फटीतलं परत पाण्यात उतरतं, आकडा पुन्हा वर चढतो. भूजलाचं काम करणाऱ्या लोकांना हे चांगलं माहीत आहे. ज्याने हा प्रस्ताव लिहिला त्यालाही माहीत असणार. म्हणूनच पंप चालू असतानाच्या नमुन्यावर सही मागितली आहे.

हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली अशाच ‘उपसा आणि शुद्ध करा’ पद्धतीच्या ७७ जागा तपासल्या. ६९ ठिकाणी ठरवलेलं उद्दिष्ट गाठलेलं नव्हतं. आणि ती पैशाची कमी नसलेली माणसं.

एक जागा नावानिशी सांगतो, कारण तिथं आधी शेतकरीच होते. कॅलिफोर्नियातली सांता क्लारा व्हॅली. आज तिला सिलिकॉन व्हॅली म्हणतात, पण आधी ती जर्दाळू आणि प्लमच्या बागांसाठी नावाजलेली होती. १९६० च्या दशकात बागांच्या जागी चिपचे कारखाने आले. धूर नाही, चिमणी नाही, स्वच्छ उद्योग म्हणून सगळ्यांनी स्वागत केलं. चिप धुवायला सॉल्व्हंट लागतं, ते जमिनीखालच्या टाक्यांत ठेवायचे. १९८१-८२ च्या सुमारास कळलं की टाक्या आणि पाईप गळतायत. दक्षिण सॅन होजेत पिण्याच्या पाण्याची एक विहीर बंद करावी लागली. माउंटन व्ह्यू गावात फेअरचाइल्ड, रेथिऑन, इंटेल अशा कंपन्यांच्या जागांखालची घाण एकमेकींत मिसळून एकच मोठा पट्टा झाला होता. त्या एका काउंटीत अमेरिकेच्या सुपरफंड यादीतल्या, म्हणजे सर्वात बिघडलेल्या २३ जागा निघाल्या.

आता माउंटन व्ह्यूमध्ये त्यांनी काय काय केलं ते बघा. गळक्या टाक्या आणि खालची माती काढली. फेअरचाइल्डच्या जागेभोवती जमिनीत खोल चर खणून त्यात चिकण मातीचा गारा भरून भिंती बांधल्या, की आतलं बाहेर जाऊ नये. मातीतल्या वाफा ओढून काढल्या. आणि पाण्याचा उपसाही लावला. १९८९ मध्ये सरकारी योजना मंजूर झाली. हे सगळं करून चाळीसहून जास्त वर्षं झाली आणि काम अजून संपलेलं नाही. २०१२-१३ च्या सुमारास तिथल्या गूगलच्या कार्यालयात, इमारतीच्या आत हवेत ट्रायक्लोरोची वाफ प्रमाणाबाहेर सापडली, जमिनीतून वर आलेली. जगातल्या सर्वात श्रीमंत कंपन्यांपैकी एक, तिच्या खालची जमीन चाळीस वर्षांत साफ होत नाही. आणि आमच्या काळ्या पाषाणातलं दोन वर्षांत, दोन बोअरमध्ये होणार म्हणे.

त्या जागेची अजून एक गोष्ट, आणि ही आपल्याला जास्त लागते. वरच्या थरातलं सॉल्व्हंट खालच्या थरात कुठून कुठून गेलं? जुन्या शेतविहिरींतून. बागा गेल्या, मालक गेले, विहिरी तशाच उघड्या राहिल्या. मधला चिकण थर घाण अडवून धरत होता, पण या विहिरींनी त्याला भोकं पाडलेली. अशा विहिरी शोधून शोधून बुजवणं हा सफाईच्याच कामाचा भाग करावा लागला. आता आपल्या शिवारात बंद पडलेले बोअर किती आहेत ते मोजा. तीनशे फुटाला धूळ निघाली म्हणून सोडून दिलेले, वर गोणपाट नाही तर दगड ठेवलेला, केसिंग वरच्या वीस-तीस फुटांपुरतंच. खाली नुसती उघडी नळी. प्रत्येक बोअर म्हणजे वरची घाण खालच्या पाण्यात न्यायचा जिना. तो तळापासून सिमेंटच्या घोळाने बुजवायचा असतो, वरून दोन पाट्या मुरूम टाकून नाही. कंपनीच्या प्रस्तावात याबद्दल एक ओळ नाही. त्यांना किती बोअर आहेत हेच माहीत नाही, कारण त्यांनी विचारलंच नाही.

उलट एका साहेबांनी बैठकीत वेगळाच सूर लावला. तुम्ही लोक रात्रंदिवस मोटारी चालवता, तुमच्याच बोअरने ते तुमच्याकडे ओढलं. ओढलं असेल. पाणी पंपाकडे येतं, ते त्याचं कामच आहे. अमेरिकेतल्या वोबर्न गावात गावाच्याच दोन विहिरींनी असं सॉल्व्हंट ओढलं होतं. १९७९ मध्ये त्या बंद झाल्या, तोवर गाव ते पाणी पीत होतं, आणि मुलांना रक्ताचे कॅन्सर झाले म्हणून आईबापांनी दावा लावला. पण घाण ओतणाऱ्या कंपन्यांकडून सफाईचा खर्च घ्यायचा तो घेतलाच, १९९१ च्या करारात सुमारे सात कोटी डॉलर. विहिरींनी पाणी ओढलं म्हणून कुणी गावाला बिल लावलं नाही. स्वतःच्या रानात मोटार चालवणं हा गुन्हा नाही. जड सॉल्व्हंट उघड्या जमिनीवर ओतणं हा आहे.

आता आपल्याच माणसांशी भांडण. कृषी खात्यातले, विद्यापीठातले बरेच मित्र हे पान वाचतात, म्हणून बोलतोच. आमच्याकडच्या दोन शेतकऱ्यांना पाणी तपासणीचा अहवाल मिळाला: ‘सिंचनास योग्य’. तो खोटा नाही. सामू बघितला, क्षारता बघितली, क्लोराइड, सोडियमचं प्रमाण, उरलेलं कार्बोनेट बघितलं. पण यातली एकही तपासणी सॉल्व्हंट दाखवू शकत नाही. ट्रायक्लोरोमधलं क्लोरीन कार्बनला बांधलेलं असतं, ते क्लोराइडच्या आकड्यात येत नाही. टीडीएस मीटर त्याला आंधळा आहे. सीओडीमध्ये एवढं बारीक प्रमाण कळत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीच लागते. आणि नमुना घ्यायचीही रीत आहे. छोटी काचेची बाटली, काठोकाठ भरायची, आत हवेचा एक बुडबुडा नको, टेफ्लॉनच्या चकतीचं झाकण, बर्फात ठेवून न्यायची. बिसलेरीच्या बाटलीत अर्धं पाणी घेऊन दुपारभर मोटारसायकलच्या डिकीत फिरवलं तर सॉल्व्हंट उडून जातं, आणि प्रयोगशाळा प्रामाणिकपणे ‘आढळले नाही’ लिहिते. तो कागद मग पुढची वीस वर्षं आपल्या विरुद्ध वापरला जातो. म्हणून साहेब, विनंती आहे. ज्या शिवाराच्या वर कारखाने आहेत तिथल्या अहवालावर ‘सॉल्व्हंटची तपासणी केलेली नाही’ एवढी ओळ लिहा. शिक्का मारण्याआधी एक ओळ, फार मागत नाही.

पिकाचं काय, असं सगळे विचारतात. ही द्रव्यं उडून जाणारी आहेत. सरीतून, तुषारमधून पाणी देताना बराचसा भाग हवेत जातो. त्यामुळे तमक्या गावचा भाजीपाला विषारी अशा पोस्ट फिरवू नका, व्यापारी टपूनच बसलेत. मोठा धोका आहे तो पिण्यात, गरम पाण्याच्या अंघोळीत, बंद खोलीत. उकळून पिऊ म्हणाल तर उकळताना ते घरातल्याच हवेत जातं, चुलीपुढे बसलेल्या बाईच्या नाकात. आणि कृपा करून गाळ काढायला, फुटबॉल बघायला कुणी या विहिरींत उतरू नका. या वाफा हवेपेक्षा जड असतात, विहिरीत तळाशी बसतात. चक्कर आली तर वर यायला वेळ मिळत नाही.

गावठी उपायांचंही सांगून टाकतो, कारण व्हॉट्सअपवर सुरू झालेत. कुणी म्हणतं पोटॅशियम परमँगनेट टाका, आपण विहिरीत टाकतोच की. कुणी म्हणतं गूळ, ताक, जीवामृत सोडा, जिवाणू खाऊन टाकतील. गंमत म्हणजे दोन्हीत तथ्य आहे. परमँगनेट ट्रायक्लोरोला खरंच मोडतं आणि जगात ते जमिनीत सोडून सफाई करतात. मळी किंवा वनस्पती तेल जमिनीत देऊन जिवाणू पोसतात, तेही खरं. सनीव्हेल नावाच्या गावी तर १९९० च्या दशकाच्या मध्यात जमिनीत लोखंडाच्या चुऱ्याची भिंत घातली, पाणी तिच्यातून पाझरताना सॉल्व्हंट मोडतं. पण परमँगनेट जिथं सॉल्व्हंटला भिडेल तिथंच काम करतं, विहिरीत टाकलेलं फटीच्या तळाशी पोचत नाही. आणि जिवाणूंचं काम अर्धवट राहिलं तर ट्रायक्लोरोपासून तयार होतं व्हिनाइल क्लोराइड. ते जास्त वाईट, त्याची मर्यादा अमेरिकेत २ मायक्रोग्रॅम आहे. मोजमापाशिवाय हे करायचं नाही. हे करायला लावायचं आहे, कंपनीच्या पैशाने, जाणकाराकडून, घाण नेमकी कुठे बसली आहे ते शोधल्यानंतर.

मुद्दा तोच आहे. प्रस्तावात शोध कुठेच नाही. पिंपं कुठे ठेवत होते, टाकी कुठली गळली, पावसाळ्यात कुठल्या खड्ड्यात काय सोडत होते, याचा नकाशा नाही. गळतं भांडं तसंच ठेवून फरशी पुसायचं कंत्राट आहे हे. उपशाला माझा विरोध नाही, हे नीट वाचा. पंप चालू असेपर्यंत घाण आमच्याकडे पुढे सरकत नाही. कुंपण म्हणून तो हवाच, आजच हवा. कुंपणाला सफाई म्हणू नका आणि दोन वर्षांनी ते काढून नेऊ नका, एवढंच.

‘कोर्टात काय होतं, आयुष्य जातं’ असं म्हणणाऱ्यांना बिछडीचं उदाहरण द्यायला हवं. राजस्थानात उदयपूरजवळचं गाव. तिथं सॉल्व्हंट नव्हतं, एच-ॲसिड बनवताना निघणारी घाण होती, पण विहिरी अशाच गेल्या. पाणी तांबूस-काळं झालं. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जो घाण करेल त्याने नुकसानही भरायचं आणि जमीन-पाणी पूर्ववतही करायचं. सफाईचा आकडा ठरला ३७ कोटी ३८ लाख ५० हजार. कंपन्यांनी अर्जावर अर्ज केले. २०११ मध्ये कोर्टाने ते फेटाळले, ती रक्कम १२ टक्के चक्रवाढ व्याजाने भरायला सांगितली आणि वर दहा लाख खर्च लावला. हो, पंधरा वर्षं त्यात गेली. म्हणून तर म्हणतो, पैसे आधी बाजूला ठेवून घ्या. कंपनी विकली जाईल, नाव बदलेल, शेड भाड्याने जाईल, तेव्हा कुणाच्या मागे पळणार?

नवा नियमही आहे. प्रदूषित जागांसाठी केंद्राने २०२५ मध्ये नियम काढले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दोषी सापडला तर खर्च त्याचा. त्यात मोठं भोक आहे, सफाई अमुक दिवसांत संपवा अशी मुदत नाही. पण यादीत नाव लागलं की निदान ‘तक्रार राहिलेली नाही’ या चिठ्ठीवर प्रकरण मिटवता येणार नाही. आमच्या गावाने तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे तसा अर्ज द्यावा, हा ठराव मी मांडणार आहे.

आणि सहीबद्दल माझ्या अटी, ग्रामसभेत वाचून दाखवणार त्या. मूळ जागा खणून घाण आधी काढा. वेगवेगळ्या खोलीचे पाहणी बोअर, कंपनीच्या आवारात आणि आमच्या बांधावर दोन्हीकडे, आणि नमुना घेताना गावचा माणूस हजर. शिवारातले बंद बोअर कंपनीच्या खर्चाने शास्त्रीय पद्धतीने बुजवा. पंप बंद करून दोन पावसाळे जाऊ द्या, त्यानंतरही आकडा खाली राहिला तर मग बोलू. तीस वर्षांच्या देखरेखीची बँक गॅरंटी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे. टँकर तोपर्यंत, आणि तो जनावरांनाही पुरेल एवढा. नळाची कायमची लाईन दिली तर उत्तम, पण लाईन दिली म्हणून विहीर माफ नाही.

सरपंच म्हणतात अटी जास्त झाल्या, कंपनी उठून जाईल, पोरांचं काम जाईल. ही भीती खोटी नाही, माझा पुतण्याही तिथंच आहे. पण उठून जायची धमकी देणाऱ्याकडून तर गॅरंटी आधीच घ्यायला हवी, नाही का?

ज्यांच्या रानात बंद किंवा कोरडे बोअर आहेत त्यांनी ग्रामसभेच्या आधी मला कळवा. गट नंबर, खोली, केसिंग किती फूट, लाल पट्टा किती फुटावर लागला होता, पाणी पहिल्यांदा कुठे लागलं. बोअरवाल्याच्या वहीत हे सापडतं, नाहीतर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना फुटाफुटाचं आठवतं. कंपनीने न केलेला नकाशा निदान अर्धा तरी आपण तयार करून नेऊ.